गाडी खाली बसवल्यावर पुढून टक-टक वाजतंय? कॉइलओव्हर बदलण्याआधी हे तपासा

सोसायटीच्या गेटजवळच्या ब्रेकरवरून पुढची चाकं उतरली की ‘टक्’. पेव्हर ब्लॉकवरून पहिल्या गिअरमध्ये जाताना ‘टक-टक-टक’, आणि पाम बीच रोडला लागल्यावर गाडी एकदम शांत. उभ्या गाडीत स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं की तार तुटल्यासारखा ‘टंग’. मुंब्रा बायपासच्या खड्ड्यात चाक गेलं की सीटखाली बसणारा जड ‘धप्प’. कॉइलओव्हरचा सेट, म्हणजे उंची बदलता येणारे शॉकअप आणि स्प्रिंग, टाकून दोन आठवडे होत नाहीत तोच एक बाजू बोटभर खाली बसलेली. मागे तीन माणसं बसली की टायर लायनरला (चाकाच्या कमानीतल्या प्लास्टिकच्या अस्तराला) घासल्याचा वास.

तुर्भ्याच्या एमआयडीसीत माझं गॅरेज आहे. कॉइलओव्हर टाकून खाली बसवलेल्या गाड्या वर्षानुवर्षं याच तक्रारी घेऊन येतात, आणि बहुतेक वेळा मालकाला आधी कुणीतरी सांगितलेलं असतं की सेटच खराब आहे, नवीन टाका. माझा अनुभव उलटा आहे. सेट क्वचित खराब निघतो, चूक बहुतेक वेळा उंची कमी करण्याच्या पद्धतीत असते. ही चूक घरच्या पार्किंगमध्येही सापडते, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आवाज कधी येतो, ते आधी वहीत लिहून ठेवा. चाक खाली लटकताना येत असेल तर संशय सैल स्प्रिंगवर. चाक वर दाबलं जाताना येत असेल तर शॉकअपचा प्रवास संपतोय. उभ्या गाडीत फक्त स्टिअरिंगला येत असेल तर वरची माउंटिंग, म्हणजे शॉकअप वर बॉडीला जिथे जोडतो तो भाग. ब्रेक मारताना किंवा गाडी सोडताना एकदाच येत असेल तर लोअर आर्मचं (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं) रबरी बुश किंवा एखादा सैल बोल्ट. एवढं लिहून आणलेला ग्राहक माझा अर्धा दिवस वाचवतो.

कोणती रिंग काय करते

कॉइलओव्हर म्हणजे अंगावर आटे पाडलेला शॉकअप आणि त्याच्याभोवती स्प्रिंग. स्प्रिंग ज्या सीटवर टेकते ती सीट आट्यांवर वर-खाली फिरते आणि ती सरकू नये म्हणून तिच्याखाली लॉक रिंग असते. बाजारात दोन जाती मिळतात. पहिल्या जातीत उंची बदलायला ही स्प्रिंगची सीट एवढंच साधन असतं. दुसऱ्या जातीत चाकाकडे जोडणारा खालचा ब्रॅकेटही आट्यांवर असतो, त्यामुळे शॉकअपची अख्खी लांबीच कमी-जास्त करता येते. आपल्याकडे कोणती जात आहे हे गाडी वापरणाऱ्याला बरेचदा ठाऊक नसतं. खाली वाकून मोबाईलच्या टॉर्चने पाहा: खालच्या ब्रॅकेटच्या वरच्या कडेला वेगळी लॉक रिंग दिसली तर दुसरी जात.

हा फरक आकड्यांतून बघू. समजा पुढच्या एका कोपऱ्यावर स्प्रिंगला ३०० किलो वजन येतं आणि स्प्रिंग ६ किलो प्रति मिमी आहे. गाडी जमिनीवर उभी राहिली की स्प्रिंग ५० मिमी दबते. शॉकअपचा एकूण प्रवास १२० मिमी धरा. चाक पूर्ण लटकलेलं असताना स्प्रिंग सीटला नुसती टेकलेली असेल, तर उभ्या गाडीत ५० मिमी प्रवास वापरला जातो आणि खड्ड्यासाठी ७० मिमी उरतो.

आता गाडी आणखी २० मिमी खाली हवी म्हणून कुणी सीटच २० मिमी उतरवली. गाडी बसली, दिसायलाही छान दिसली. पण उभ्या गाडीतच शॉकअप ७० मिमी दबलेला आहे, खड्ड्यासाठी ५० मिमीच उरला, आणि त्यातही काही भाग बंप स्टॉप, म्हणजे प्रवासाच्या टोकाला असलेलं रबर, खातं. शिवाय चाक पूर्ण लटकलं की स्प्रिंग आणि सीटमध्ये २० मिमी मोकळी जागा. चाक ब्रेकरवरून उतरतं तेव्हा स्प्रिंग सीटवरून उठते, आणि वजन परत आलं की टक् करून बसते. म्हणजे एकाच चुकीतून दोन आवाज निघतात, उतरताना टक् आणि खड्ड्यात धप्प.

दुसऱ्या जातीत तेच २० मिमी खालच्या ब्रॅकेटवरून कमी केले तर स्प्रिंग तशीच घट्ट राहते आणि शॉकअपचे ७० मिमीही तसेच. मात्र यालाही किंमत आहे. शॉकअपचा प्रवास पूर्वीइतकाच राहिला तरी चाक फेंडरच्या आणखी २० मिमी जवळ आलेलं असतं. मूळ गाडीत चाक फेंडरला लागण्याआधीच बंप स्टॉप त्याला अडवतो. आता बंप स्टॉप लागण्याआधीच टायर लायनरला भिडू शकतो. मागचा टायर घासण्याचं कारण बरेचदा हेच असतं.

सीट वर फिरवून स्प्रिंग आधीच दाबली की ती कडक होते असा पक्का समज आहे. सरळ गुंडाळीच्या स्प्रिंगला तो लागू होत नाही. ६ किलोची स्प्रिंग २ मिमी आधी दाबली तर १२ किलोचा ताण साठतो, पण पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला तिला ६ किलोच लागतात. गाडी कडक वाटते ती लटकण्याचा प्रवास कमी झाल्यामुळे.

पैसे न लागणारी तपासणी

सगळ्यात आधी डिकी रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनीचा बोल्ट, सगळं बाहेर. हे वाचून नवल वाटेल, पण कडक सस्पेन्शनवर डिकीतला सैल जॅक असा काही वाजतो की मालक पुढचे शॉकअप बदलायला निघतो. मग टायरची हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा.

नंतर मोजपट्टी. सपाट फरशीवर चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही बाजूंचं अंतर मिमीमध्ये मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात हवेचा आणि टायर झिजल्याचा फरक मिसळतो. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजली तरी आकडा खोटा येतो, कारण टायर जमिनीला धरून बसतात आणि सस्पेन्शन पूर्ण बसत नाही. गाडी दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला, बंपर दोनदा दाबा, मग मोजा. पेट्रोलची टाकी किती भरली आहे तेही लिहा.

पुढच्या दोन बाजूंमध्ये चार-पाच मिमीचा फरक असेल तर मी घाबरत नाही. आकडा मागच्या आठवड्यापेक्षा बदललेला असेल तर मात्र लॉक रिंग सरकते आहे.

दोन बोटांची तपासणी

यासाठी जॅक, दोन घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) आणि सेटबरोबर आलेला, रिंग फिरवायचा सी-पाना लागतो. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून चाकाच्या कमानीत हात घालू नका. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा, पुढचा भाग घोड्यांवर ठेवा आणि दोन्ही चाकं लटकू द्या. एकच बाजू उचलली तर स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या सस्पेन्शनला जोडणारा दांडा) चाकाला धरून ठेवतो आणि स्प्रिंग घट्ट असल्याचा भास होतो.

आता स्प्रिंग दोन बोटांनी फिरवा. फिरली, किंवा वर-खाली हलली, तर आवाजाचं कारण बहुधा तुमच्या हातात आहे.

खारघरचा एक तरुण गाडी घेऊन आला होता. स्टॅबिलायझर बारचे दोन्ही लिंक रॉड बदलून झालेले, वरच्या माउंटिंग बदललेल्या, अलाइनमेंट तीनदा. घोड्यांवर घेतल्यावर स्प्रिंग बोटाने गरगर फिरली. वरच्या सीटजवळ स्प्रिंगवर वर्तुळाकार ओरखडा होता, रंग उडून खालचा धातू आरशासारखा चकाकत होता. ती स्प्रिंग कितीतरी दिवस तिथे उठून आपटत होती. सेट दुसऱ्या जातीचा होता, पण बसवणाऱ्याने खालच्या ब्रॅकेटला हातच लावला नव्हता. सीट वर घेतली, ब्रॅकेटवरून उंची कमी केली, आवाज गेला. नवीन भाग एकही लागला नाही. त्याने त्याआधी घातलेले पैसे ऐकून मला खरंच वाईट वाटलं.

दुरुस्ती अशी. सेट दुसऱ्या जातीचा असेल तर चाक लटकलेलं असताना सीट वर फिरवत स्प्रिंग नुसती टेकेपर्यंत आणा, मग आणखी २-३ मिमी दाबा. बहुतेक सेटवर एक पूर्ण फेरा म्हणजे दीड ते दोन मिमी. पुढची उंची खालच्या ब्रॅकेटवरून जमवा. ब्रॅकेटमध्ये किमान किती आटे गुंतलेले हवेत ते सेटच्या पत्रकात दिलेलं असतं, त्याच्या पलीकडे एक फेराही जाऊ नका. तेवढ्याच आट्यांवर चाक टिकून असतं.

सेट पहिल्या जातीचा असेल तर दोन वाटा: मुख्य स्प्रिंगच्या जोडीला छोटी मऊ हेल्पर स्प्रिंग बसवायची, म्हणजे लटकताना जागा भरून राहते, किंवा गाडी थोडी वर घ्यायची. मी बहुतेकांना दुसरी वाट सांगतो. हेल्पर स्प्रिंग आवाज थांबवते, खड्ड्यासाठी गमावलेला प्रवास परत देत नाही.

लॉक रिंग घट्ट करताना सी-पान्याला पाईप जोडून जोर लावू नका. आटे ॲल्युमिनियमचे असतील तर रिंग त्यांना कापते. हाताने पूर्ण घट्ट करा आणि रिंग व बॉडीवर पांढऱ्या मार्करने एक आडवी रेघ मारा. महिन्याने रेघ तुटलेली दिसली तर रिंग फिरली.

आटे आधी धुवा

आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. जून ते सप्टेंबर घोडबंदर रोडचा चिखल, ठाणे-बेलापूर रोडवरची डंपरची खडी-माती आणि खाडीकडची दमट हवा, हे सगळं त्या आट्यांत बसतं. पावसाळ्यानंतर आलेल्या गाडीच्या आट्यांत सिमेंटसारखी घट्ट माती असते. सुरुवातीच्या काळात मी एकदा तशीच रिंग फिरवली. अर्ध्या फेऱ्यात करकर असा आवाज आला आणि खडीच्या कणाने दोन आटे उपटून काढले. ती बॉडी मला माझ्या खिशातून भरून द्यावी लागली. तेव्हापासून आधी पाणी, मग नायलॉनचा ब्रश, मग गंज सोडवणारा स्प्रे, आणि रिंग फारच धरलेली असेल तर रात्रभर तसंच ठेवणं. छिन्नी-हातोड्याने रिंग ठोकायची नाही.

काम झाल्यावर आट्यांवर जाड ग्रीस थापू नका, त्याला माती चिकटते. सुकून पातळ थर राहणारं मेणासारखं संरक्षक स्प्रे चांगलं. आणि पावसाळ्यात दर धुण्याला पाण्याचा एक झोत आतल्या बाजूला मारा.

केबल टायची युक्ती

धप्प आवाज असेल तर शॉकअपच्या रॉडला, बॉडीच्या अगदी वर, एक बारीक केबल टाय बांधा. फार आवळू नका, बोटाने सरकेल इतकीच. आता नेहमीच्या रस्त्याने, नेहमीच्या माणसांसह एक फेरी मारून या. बॉडी वर येताना टायला ढकलत नेते आणि ती जिथे थांबते तो तुमचा सर्वात मोठा धक्का. टाय बंप स्टॉपमध्ये रुतलेली सापडली, तर तुम्ही रोज रबरावर आदळताय. उलटा बसवलेला शॉकअप असेल तर रॉड दिसत नाही आणि ही युक्ती चालत नाही.

यावर डँपिंगची (शॉकअपचा कडकपणा बदलायची) कळ कडक करून उपाय होत नाही. बऱ्याच सेटवर ती कळ मुख्यतः स्प्रिंग उलगडण्याचा वेग आवरते. जास्त कडक केली तर सलग खड्ड्यांवर स्प्रिंगला पूर्ण उलगडायला वेळ मिळत नाही आणि गाडी हळूहळू खालीच बसत जाते. क्लिक मोजताना कळ हलक्या हाताने पूर्ण कडक बाजूला न्या, तिथून मागे मोजा आणि डावी-उजवी सारखी ठेवा. टोकाला पोचल्यावर जोर लावला की आतली सुई खराब होते.

मग लिंक रॉड, माउंटिंग, बुश

स्टॅबिलायझरची लिंक तपासायला दोन्ही बाजूंच्या लिंक सोडवा, कुठे अडकणार नाहीत अशा बांधा आणि आवारातच पायी चालण्याच्या वेगाने गाडी फिरवा. आवाज गेला तर दोषी लिंक. एकच बाजू सोडून काही कळत नाही, आणि लिंक सोडलेली गाडी रस्त्यावर न्यायची नाही, वळणावर ती फार झुकते. गाडी बरीच खाली असेल तर मूळ लांबीची लिंक तिरकी होऊन लवकर झिजते, अशा वेळी बदलती लांबी असलेली लिंक टाकावी.

‘टंग’ आवाजासाठी एकाने स्टिअरिंग फिरवावं आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून वरच्या नटवर तळवा टेकवावा. स्प्रिंग पिळून एकदम सुटत असेल तर झटका हाताला कळतो. इथे बेअरिंग जाम असते किंवा वरचा नट नीट बसलेला नसतो. हा नट एअर गनने आवळू नका. रॉड आत गरकन फिरतो आणि चांगला शॉकअप पहिल्याच दिवशी खराब होतो. रॉडच्या डोक्यात ॲलन की धरून नट हातपान्याने आणि शेवटी टॉर्क रेंचने आवळायचा.

लोअर आर्मच्या बुशबद्दल एकच गोष्ट, पण ती बहुतेक ठिकाणी चुकते. चाकं लटकलेली असताना बोल्ट आवळला की बुशचं रबर त्याच कोनात पकडलं जातं, आणि गाडी खाली बसली की ते कायम पिळलेलं राहतं. काही महिन्यांत फाटतं. बोल्ट सैल करून, चाकांवर वजन आणून, मग आवळा. गाडीखाली जायला रॅम्प किंवा पिट नसेल तर हे काम गॅरेजला द्या.

व्हील अलाइनमेंट मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. उंची बदलली की टो (चाकं वरून पाहता आत-बाहेर वळलेली असणं) आणि कॅम्बर (चाकं पुढून पाहता आत-बाहेर कललेली असणं) दोन्ही बदलतात, म्हणून उंची पक्की होण्याआधी केलेलं अलाइनमेंट वाया जातं. सेट बसवल्यावर काही दिवस चालवून उंची पुन्हा मोजा आणि मग करा. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे छापून मागा. टायर फक्त आतल्या कडेने झिजत असेल तर लोक कॅम्बरला दोष देतात, पण टो बाहेर गेलेला असेल तर टायर त्याहून फार लवकर संपतो. हेडलाइटचा कोनही त्याच दिवशी बघून घ्या.

किती खाली

आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकचा ग्राउंड क्लिअरन्स १६० ते १७० मिमी असतो. ठाणे-नवी मुंबईत रोज वापरायच्या गाडीला मी ३० मिमीच्या पुढे खाली करत नाही, आणि त्याचं कारण सोसायटीतले ब्रेकर आहेत. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ९९ मध्ये साधा गोल ब्रेकर १७ मीटर त्रिज्येचा, गाडीच्या दिशेने ३.७ मीटर पसरलेला आणि मध्ये १० सेंमी उंच दिला आहे. अडीच मीटर व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) गाडीची पुढची-मागची चाकं त्यावर असताना मधला उंचवटा चाकांच्या रेषेच्या जेमतेम ४६ मिमी वर येतो. तोच १० सेंमी उंच ब्रेकर सोसायटीने अर्ध्या मीटरात संपवला की चाकं सपाट जमिनीवर आणि पोटाखाली पूर्ण १०० मिमी. त्यात चार माणसांचं वजन आणि सस्पेन्शनचं दबणं मिळवा. म्हणून उंची ठरवण्याआधी स्वतःच्या गेटातला ब्रेकर पट्टीने मोजा.

कायद्याकडेही लक्ष असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमावर स्पष्ट निकाल दिला आहे. काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

इथे हात थांबवा

शॉकअपवर तेलाचा ओला ओघळ दिसला, रॉडवर उभा ओरखडा दिसला, आटे उपटलेले असतील, स्प्रिंगला किंवा ब्रॅकेटला चीर असेल, तर पुढे काही करू नका. गाडी चालवू नका, टोइंगने न्या. स्टिअरिंग पूर्ण फिरवल्यावर ब्रेकचा रबरी पाईप किंवा एबीएस सेन्सरची वायर ताणली जात असेल तरी तेच. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खुळखुळ जाणवली तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंगचं काम आहे, ते अंदाजाने करायचं नाही. आणि मूळ स्प्रिंग काढताना, कंप्रेसर आणि तो वापरण्याचा सराव नसेल, तर वरच्या नटला हातही लावू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा किंवा हात तुटतो.

गॅरेजमध्ये जाताना वही न्या: चार कोपऱ्यांचे आकडे, आवाज कधी येतो, स्प्रिंग सैल सापडली का, टाय कुठे थांबली. काम झाल्यावर १०० किमी चालवा, चाकांचे आणि सस्पेन्शनचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा बघून घ्या आणि त्याच फरशीवर, तेवढ्याच पेट्रोलवर चारही आकडे परत मोजा.